सगुणाबाईची बोटभर जागा

एकदा एका व्यापाऱ्याने नदीकाठी मोठी पाणचक्की उभारली. चक्कीकडे पाणी सोडणारं लाकडी दार बनवण्याचं काम त्याने एका वृद्ध सुतारगुरूंच्या शिष्याकडे सोपवलं. दार मनासारखं झालं, तर चक्कीचा सगळा कारभार शिष्याच्या हाती येणार होता. शिष्य बुद्धिमान होता, चार ग्रंथ वाचलेला होता आणि खरं सांगायचं तर थोडा शिष्टही होता.

त्या भागातल्या सुतारांची एक प्रथा होती. पाण्याचं दार चौकटीत बसवताना 'सगुणाबाई, वाट दे' असं म्हणायचं आणि दाराच्या कडेला बोटभर जागा मोकळी ठेवायची. सगुणाबाई ही पाण्याची देवी आणि ही तिची जायची वाट, अशी सगळ्यांची समजूत. शिष्याला हा निव्वळ भाबडेपणा वाटे. त्याने आधी नाव घेणं बंद केलं, मग जागा ठेवणंही बंद केलं. त्याचं दार इतकं घट्ट बसलं की मुंगीही शिरू नये. व्यापारी बेहद्द खूश झाला.

पाणी सोडायच्या दिवशी गुरू आले. त्यांनी दारावरून हात फिरवला, ते चौकटीतून उतरवायला लावलं आणि करवत घेऊन सरळ त्याची कड कापायला बसले!

"गुरुजी, हे काय करताय? गावासमोर माझी अब्रू जाईल हो!" शिष्याला रडू आवरेना.

व्यापारीही तडकला. "अहो महाराज, चांगल्या दाराचं वाटोळं करताय तुम्ही!"

गुरूंनी कड कापून पुरी केली. दार पुन्हा बसवलं, पाणी सोडलं, तशी कडेने धार गळू लागली. लोक फिदीफिदी हसले. शिष्य मान खाली घालून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी लाकूड भिजून फुगलं. गळती जवळजवळ थांबली आणि दार मात्र सहज वरखाली सरकत होतं.

"तुझं दार होतं तसंच ठेवलं असतं, तर आज फुगून चौकटीत अडकलं असतं," गुरू शिष्याला म्हणाले. "पुराच्या वेळी ते सोडवायला कुणाला तरी पाण्यात उतरावं लागलं असतं. सगुणाबाईचा नवरा असाच उतरला होता. तो वर आलाच नाही. ती देवी नव्हती रे, सुताराची बायको होती. माझ्या गुरूंनी मला हे सांगितलं. नवरा गेल्यावर ती त्या दारापाशी बसून राहायची. कोरडं लाकूड केवढं, भिजलेलं केवढं, हे तिने आपल्या बोटांनी मापलं आणि ही जागा शोधून काढली. लोकांनी आधी तिला वेडी ठरवलं, मग देवी केलं. देवीला हात जोडले की काम झालं. बाई, तुला हे सुचलं कसं, असं मग कोण विचारतो?"

आपलं तरी काय वेगळं आहे? बटण दाबलं की दिवा लागतो, नळ सोडला की पाणी येतं. त्यापायी कुणी डोकं झिजवलं, कुणाच्या घरचं माणूस गेलं, हे विचारायला सवड आहे कुणाला!

शिष्य बराच वेळ त्या दाराकडे पाहत होता. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "गुरुजी, तिच्या नवऱ्याचं नाव काय होतं?"

गुरू म्हणाले, "ठाऊक नाही, बाळा. मी माझ्या गुरूंना कधी विचारलंच नाही."