ओढ्याचं पाणी जातं कुठं?

एका डोंगरावर एक बुरूड आणि त्याची बुरडीण राहायची. टोपल्या विणायच्या, बाजारात विकायच्या नि पोट भरायचं. झोपडीजवळून एक ओढा वाहायचा. वाहायचा कसला, चार पावलं चालून एका बिळात गडप व्हायचा!

उन्हाळा आला. ओढ्याची धार करंगळीएवढी झाली. बांबू भिजेनात, चिरताना फुटू लागले. बुरूड म्हणाला, "हे बीळ बुजवतो. पाणी इथंच साचेल."

"अहो, पण ते जातं कुठं?"

"पाताळात! तुला काय करायचंय?"

"बघून येते. मग खुशाल बुजवा."

तिनं पाटीभर बांबूच्या हिरव्या ढलप्या बिळात सोडल्या नि डोंगर उतरू लागली. प्रत्येक ओहोळात, प्रत्येक डबक्यात डोकावली. कुठं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पायथ्याला कुंभारवाडा लागला. तिथं झऱ्यावर घागरींची ही रांग! एक म्हातारी कुंभारीण ओंजळीनं काहीतरी उपसत ओरडत होती, "कुणाचे हात झडले गं? पाण्यात कचरा टाकतात मेले!"

कचरा कसला, हिरव्या ढलप्याच त्या!

"आजी, माझेच हात," बुरडीण म्हणाली आणि बिळाची सगळी हकिकत तिनं सांगून टाकली.

म्हातारीचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही बुजवलंत, की आम्ही तहानेनं मेलो."

"बुजवायचंच ठरलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ही रांग बघितली. आता हात धजायचा नाही."

"मग तुझ्या बांबूंचं गं?"

बुरडीण उरलेल्या ढलप्या उपसू लागली.

म्हातारीनं तिचा हात धरला. "झऱ्याचं उरलेलं पाणी आमच्या मातीच्या खड्ड्यात जातं. बारा महिने गुडघाभर चिखल असतो. आण तुझे बांबू, पुरून ठेव त्यात."

घरी हे ऐकून बुरूड कुरकुरला, "टोपल्या विकायच्या का चिखल?" पण करतो काय! बीळ तसंच ठेवून बांबू घेऊन गेला. महिन्यानं काढले, धुतले. मेणासारखे चिरले गेले.

आणि खरी गंमत पुढंच. पावसाळ्यात साऱ्या मुलखातल्या टोपल्यांना भुंगा लागला, नुसता भुसा गळायला लागला. बुरडाच्या चिखलात मुरलेल्या बांबूंच्या टोपल्यांना मात्र भोकसुद्धा नाही! सात गावची माणसं टोपल्यांसाठी डोंगर चढून येऊ लागली. बुरूड मिशीला पीळ देत सांगायचा, "चिखलाची युक्ती आमचीच हो!" बुरडीण पदराआड हसायची. त्या वर्षापासून त्यांच्या घरातली धान्याची कणगी कधी रिकामी झाली नाही.

तात्पर्य: पाणी अडवण्याआधी ते कुणाच्या घागरीत पडतं, हे चार पावलं चालून बघून यावं.