लिंबाचा वास

टायर एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या सर्जेराव घाटग्यांना शर्यतीची हौस. आपल्या उघड्या चाकांच्या गाडीसाठी त्यांनी दोन कंपन्यांचे टायर आणले, एक मऊ, एक टणक. मऊ टायर वळणावर रस्त्याला घट्ट धरी, म्हणून तोच चढवला. त्याच्याखाली लिंबू ठेवलं आणि चिरडून गाडी निघाली. टणक खुंटीवरून ओरडला, "चार शर्यतींत झिजशील, लेका!"

वर्षाला एक शर्यत. चौथ्या वर्षी मऊ खरंच झिजला. सर्जेरावांनी टणकाला खाली काढून नख रुतवून पाहिलं. "टांगून टांगून याचा दगड झाला की," म्हणत त्यालाही अडगळीत मऊशेजारी टाकलं.

टणकाच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. तो हळूच म्हणाला, "लिंबाचा वास कसा असतो रे?"