घाटाला लागलेली जीप

घाटमाथ्यावर गॅरेज एकच, विश्रामशेठचं. तिथून एक दुखणं बरं करून आणलेली गाडी आठ दिवसांत दुसरं दुखणं घेऊन परत जायची. संशय सगळ्यांना होता, पण शेठ जीपवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. बोलणार कोण? गेल्या वर्षी संपत धनावडे तिथून गिअरचं काम करून निघाला आणि जीपसकट दरीत गेला. शोकसभेत सगळ्यात लांब भाषण शेठनेच ठोकलं.

संपतची बायको कुसुम आता दिराची जीप चालवायची. एका सकाळी तिने ती क्लचच्या कामाला टाकली, दुपारी ताब्यात घेतली आणि तासाभराने पायीच परत आली. गॅरेजसमोर चार ड्रायव्हर चहा पीत होते.

"काय वहिनी, झाला ना क्लच मऊ?" शेठने विचारलं.

"अगदी लोण्यासारखा. तुमच्या आईंना खाली दवाखान्यात जायचं होतं, म्हणून दीर त्यांना त्याच जीपमधून घेऊन गेला. घाटाला लागले असतील आता."

शेठच्या हातातला पाना गळून पडला. "फोन लावा त्याला! गाडी थांबव म्हणावं! ब्रेकचा पाइप ढिला आहे!"

चारही ड्रायव्हर उठून उभे राहिले.

कुसुम जागची हलली नाही. "आई घरीच आहेत, शेठ. जीप शाळेमागे उभी आहे. आणि ब्रेकचं तर मी काही बोललेच नव्हते."

"वहिनी, अहो..."

"आईसाठी केवढ्यांदा ओरडलात! आमचे हे निघाले, तेव्हा मात्र इथंच उभं राहून हात हलवलात."