गुरुजींची जागा

फार जुनी गोष्ट आहे ही. नद्यांवर पूल नव्हते आणि शेजारच्या गावाला जायचे तरी शिदोरी बांधून निघावे लागे, त्या काळातली. लहानांसाठी सांगतो आहे, पण मोठ्यांनी कान दिला तर जास्त बरे.

डोंगरातल्या एका राज्यात एक शल्यवैद्य राहत होता. काढे आणि चाटणे यांच्यापुढे जाऊन शस्त्राने रोग काढणारा तो शल्यवैद्य. पोटातला खडा असो, मांडीत रुतलेला बाण असो, हाडापर्यंत गेलेले गळू असो, दुसरे वैद्य हात टेकत तेव्हा लोक रोग्याला डोलीत घालून याच्या दारी आणत. तीस वर्षांत त्याचा हात एकदाही थरथरला नव्हता.

हा माणूस शिकवीतही असे. घरामागच्या लांबट पडवीत त्याची शाळा होती. नवा शिष्य आला की वैद्य त्याच्यापुढे दुधी भोपळा ठेवी आणि म्हणे, "साल काप. गराला धक्का लागला तर उद्या पुन्हा." दुधीवर वर्ष जाई. मग कमळाचे देठ, मग चिखल भरलेली चामड्याची पिशवी. कापलेले दुधी टाकायचे कसे? त्यामुळे वैद्याच्या घरी बारा महिने दुधीची भाजी असे. ताट समोर आले की त्याची मुलगी विचारी, "बाबा, आज कुठल्या रोग्याची भाजी?" आणि वैद्य पोट धरून हसे.

ही मुलगी नवराबायकोला फार उशिरा झाली होती. तिचे नाव काय होते ते गोष्टीत उरलेले नाही. बाप तिला बयो म्हणायचा. तळहातावरच्या फोडासारखी त्याने तिला जपली. सकाळी शाळेत जाण्याआधी तो तिला पुढ्यात बसवून तिची वेणी घाली. वेणी घालता येणारा बाप साऱ्या गावात एकच होता, आणि बयो ही गोष्ट सगळ्या मैत्रिणींना ऐकवी.

शाळेत सगळ्यांनी पहिल्याच दिवशी एक शपथ घ्यायची असे. आपल्या रक्ताच्या माणसावर शस्त्र चालवायचे नाही. मायेने हात थरथरतो आणि थरथरता हात जीव घेतो, असे वैद्याच्या गुरूने त्याला सांगितले होते. तेच तो शिष्यांना सांगे.

आता त्याची एक सवय सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. प्रत्येक शस्त्रकर्मात एक नाजूक क्षण येतो. तिथपर्यंत चुकले तर सावरता येते. तिथे चुकले तर माणूस जातो. वैद्य शिष्यांना रोग्याजवळ उभे करी, शस्त्र त्यांच्या हाती देई, पहिला छेदही त्यांनाच घ्यायला लावी. पण तो क्षण आला की म्हणे, "आण इकडे." शिष्य शस्त्राची मूठ त्याच्याकडे करी आणि बाजूला सरे. पुढे पुढे तर म्हणावेही लागेना. ती वेळ आली की शिष्याचा हात आपोआप मागे वळे. शिष्यांनी त्या क्षणाला नावही ठेवले होते. ते त्याला 'गुरुजींची जागा' म्हणत.

वैद्याच्या मनात पाप नव्हते. समोर निजलेला माणूस कुणाचा तरी मुलगा आहे, कुणाची तरी आई आहे, त्याला शिकाऊ हाताच्या हवाली कसा करू, असे त्याला वाटे. आणि खोटे कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

थोरला शिष्य त्याच्याजवळ सोळा वर्षे होता. शांत, कमी बोलणारा, तिशी उलटलेला माणूस. त्याच्या हातात गुरूइतकीच सफाई होती. पण सोळा वर्षांत एकही शस्त्रकर्म त्याने शेवटपर्यंत केले नव्हते.

हे वैद्याच्या बायकोला दिसत होते. एका दुपारी वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, एक सांगू? बयो परवापासून भाकरी थापायला लागलीय. पहिली फाटली, दुसरी करपली. मी पीठ हातातनं काढून घेतलं असतं, तर तिसरी जमली असती का?"

"भाकरी करपली तर म्हशीपुढं टाकता येते," वैद्य म्हणाला. "माणूस करपला तर कुठं टाकू?"

"टाका असं कुठं म्हणतेय मी? जवळ उभे राहा, डोळ्यांत तेल घालून बघा. पण हात मागं ठेवा."

"तुला त्यातलं काही कळत नाही."

बायको शहाणी असली की नवऱ्याला हे वाक्य फार लवकर सुचते. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात बयोचा घसा धरला. तेव्हा तिला बारावे सरले होते. वैद्याने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, बाहेरून लेप लावले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला थुंकीही गिळवेना. आवाज तोंडात घास असल्यासारखा येऊ लागला आणि श्वास आत जाताना शीळ वाजू लागली. वैद्याने तिला उजेडात बसवून तोंड उघडायला लावले. पडजिभेच्या बाजूला, आत, लिंबाएवढे गळू आले होते.

ते आत्ताच्या आत्ता फोडायला हवे होते. अशी गळवे त्याने कितीतरी फोडली होती. गळवाच्या मागूनच मोठी रक्तवाहिनी जाते. शस्त्र तांदळाच्या एका दाण्याएवढे आत गेले तर गळू रिकामे होते. दोन दाणे गेले तर सगळे संपते.

"पडवीत घ्या तिला," तो म्हणाला.

शिष्यांनी बयोला टेकवून बसवले. तिने बापाकडे पाहिले आणि बोलता येईना म्हणून नुसती मान हलवली, जणू त्यालाच धीर देत होती. वैद्याने शपथ गुंडाळून ठेवली आणि शस्त्र हातात घेतले. कसली शपथ आणि कसले काय, पोर गुदमरत होती!

आणि त्याचा हात थरथरला.

त्याने मूठ घट्ट धरली, तरी टोक हलतच राहिले. त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरले, तर दोन्ही हात थरथरू लागले. बयो डोळे मोठे करून त्या टोकाकडे बघत होती. वैद्याने शस्त्र थोरल्या शिष्याच्या हाती दिले.

"तू कर," तो म्हणाला. "तुला येतं."

आणि शिष्याला येत होतेच. त्याने पळीच्या दांड्याने जीभ दाबली, डोके किंचित मागे कलवले आणि शस्त्र आत नेले. हात अगदी स्थिर होता. टोक गळवाच्या फुगीर भागावर नेमके टेकले. आता फक्त एक दाणा.

तिथे त्याचा हात थांबला. मागे आला, वळला, आणि त्याने शस्त्राची मूठ गुरूपुढे केली.

त्याने ते ठरवून केले नाही. सोळा वर्षे जे केले होते तेच हाताने केले. मूठ पुढे आलेली पाहून वैद्य ओरडला.

"अरे, माझ्याकडं काय देतोस? कर! तूच कर!"

शिष्य भानावर येऊन वळला. पण तेवढ्यात बयोला उबळ आली. गळू आतल्या आत फुटले आणि सगळा पू श्वासाच्या वाटेत उतरला. त्यांनी तिला पालथी केली, पाठीवर थापा मारल्या, बोटे घालून घसा मोकळा केला. ज्याला जे येत होते ते त्याने केले. बयो परत आली नाही.

वैद्याची बायको दारातच उभी होती. तिने हंबरडा फोडला नाही. नवऱ्याला तिने एवढेच विचारले, "त्याला येत होतं ना?"

"येत होतं."

"मग?"

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतेच बोलू लागली. जेवायला वाढी, कपडे धुऊन ठेवी, आणि आपल्या खोलीत जाऊन बसे. वैद्याला वाटे, हिने आपल्याला शिव्या द्याव्यात, निदान ताट तरी आदळावे. पण ती काहीच करीत नसे, आणि तेच त्याला सोसवत नसे.

तेराव्या दिवसानंतर थोरला शिष्य आला. त्याने आपली सगळी शस्त्रे फडक्यात बांधून गुरूच्या पायाशी ठेवली.

"मी जातो, गुरुजी. या हातांना पुन्हा शस्त्र नको. ऐन वेळी थांबले ते."

"बस," वैद्य म्हणाला. "तुझा हात थांबला नाही. सोळा वर्षं मी तो थांबवत आलो. माझी पोर तुझ्या हातानं गेली असं लोक म्हणतील, म्हणू देत. ती माझ्या हातानं गेली. तू गेलास तर मग ती उगाचच गेली."

शिष्य खाली मान घालून रडला आणि राहिला. पण शाळेचे दार बंदच होते. दुधी वेलावर वाळून गेले.

दोन महिन्यांनी, एका सकाळी एक बुरुडीण आली. बांबूच्या टोपल्या विणून पोट भरणारी गरीब बाई ती. सहा वर्षांच्या मुलाला पाठीशी बांधून दोन डोंगर उतरून आली होती. मुलाच्या तोंडातून लाळ गळत होती आणि श्वासाला शीळ होती.

ती शीळ ऐकून वैद्य जागच्या जागी उभा राहिला. घरात त्याची बायकोही उठून उभी राहिली.

"तुमचं नाव ऐकून आलेय, महाराज," बुरुडीण म्हणाली. "तुमच्याच हातानं करा. माझं एवढं एकच हाय."

वैद्याने पोराचा घसा पाहिला. तेच गळू, तीच जागा. त्याने शस्त्र उचलले. हात स्थिर होता, पहिल्यासारखा, दगडासारखा स्थिर. परक्याच्या पोरासाठी तो थरथरत नव्हता. त्याला स्वतःच्याच हाताची चीड आली. आत्ता त्याने ते गळू फोडले असते तर मूल नक्की वाचले असते, आणि त्याला कुणी नाव ठेवले नसते. पण आपण म्हातारे झालो, उद्या आपण नसू, आणि या डोंगरातली पोरे गुदमरायची थांबणार नाहीत, हेही त्याला दिसत होते.

त्याने शस्त्र थोरल्या शिष्याच्या हाती दिले.

"गुरुजी, तुम्ही इथं उभे राहा," शिष्य पांढराफटक पडून म्हणाला.

"मी इथं दिसलो तर तुझा हात वळेल. दाराबाहेर आहे मी. सगळं झाल्यावर हाक मार."

बुरुडीण घाबरली. "महाराज, तुम्ही कुठं निघालात?"

"बाई, आत आहे त्याला माझ्याइतकंच येतं," वैद्य म्हणाला. "मला हे कळायला उशीर झाला. तुझ्या पोराला उशीर होऊ देणार नाही तो."

तो बाहेर येऊन ओट्यावर बसला. शस्त्रकर्म चालू असताना आयुष्यात पहिल्यांदाच तो भिंतीच्या बाहेरच्या बाजूला होता. आता जीभ दाबली असेल. आता डोके कलवले असेल. आता टोक टेकले असेल. त्याचा उजवा हात आपोआप पुढे आला, बोटे मुठीसाठी उघडली. आतून कसलाच आवाज येत नव्हता. उठावे, धावावे, दार ढकलावे असे त्याला झाले.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसले. त्याची बायको होती. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याच्याजवळ बसली होती. तिने त्याचा पुढे आलेला हात धरला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

आणि आत पोर रडले. आधी घोगरे, मग मोकळे, मग सगळी आळी डोक्यावर घेत भोकाड पसरून रडले. बुरुडीण हसत होती की रडत होती ते बाहेर कळत नव्हते.

वैद्याच्या बायकोने पदर तोंडात धरला, पण तो पुरला नाही.

"अस्संच रडली असती हो ती," ती म्हणाली.

तेव्हा कुठे, दोन महिन्यांनी, ते दोघे आईबाप एकमेकांना धरून रडले. आतून शिष्य हाका मारीत होता आणि उठायचे दोघांना सुचत नव्हते.

पुढे शाळा पुन्हा उघडली, तिच्यातून पाच शल्यवैद्य तयार झाले आणि पाच खोऱ्यांत जाऊन राहिले. लोक म्हाताऱ्याला दुवा देत. कुणी फारच स्तुती केली की तो म्हणे, "एवढं शहाणपण मला माझ्या बायकोनं फुकट सांगितलं होतं. मी ते पोटची पोर देऊन घेतलं."

बोध: शिष्याला नुसती विद्या देऊन भागत नाही, वेळेवर काम त्याच्या हाती सोपवून आपला हात मागे घ्यावा लागतो.