भाऊबीजेचे दुप्पट पॉइंट

"म्हणजे हे कार्ड ठेवायचं की बंद करायचं? एवढंच सांगा बाबा. उद्या मुदत संपतेय."

श्रीरंग डबीरने निळं चकचकीत कार्ड औदुंबराच्या पारावर, केवलगिरीबाबांच्या गुडघ्यापाशी ठेवलं. त्यावर सोनेरी विमान होतं.

बाबांनी ते उचललं नाही. ते शेंगा फोडत होते. दाणे वाटीत, टरफलं पारावर.

"काय करतं हे?" त्यांनी विचारलं.

श्रीरंगला हेच हवं होतं. तो पुण्याच्या एका कंपनीत मोठा साहेब. दवाखान्यांना लागणारी यंत्रं विकत देशभर उडतो. त्याचे वडील आमच्या मठाचे, म्हणून तोही दर दिवाळीत एकदा येऊन जातो. प्रश्न घेऊन येतो तसं उत्तरही घरून घेऊनच येतो. वर बाबांचा होकार मिळाला की झालं. असे बरेच येतात. मी पलीकडे बसून भेंड्या पुसत होतो आणि मनात म्हटलं, चला, ऐका आता पुराण.

"या कार्डाने काहीही घेतलं की विमानाचे पॉइंट मिळतात," श्रीरंग म्हणाला. "पेट्रोल, किराणा, मुलीची फी, सगळं याच्यावर. पॉइंट साठले की तिकीट फुकट. विमानतळावर लाउंजमध्ये बसायला, खायला फुकट. पण वर्षाची फी वाढवलीय मेल्यांनी. तेव्हा परवडतं की नाही, हा हिशोब आहे."

"मग केलास की नाही हिशोब?"

"केला ना! परवडतं." तो हसला. "आमचा एक ग्रुप आहे बाबा, पॉइंटवाल्यांचा. तिथे सगळे मला विचारून कार्ड घेतात. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, मोह आहे, सोड. त्याचंही उत्तर तयार आहे माझ्याकडे."

"मी कशाला म्हणू?"

श्रीरंग जरा हिरमुसला. तयार उत्तर वाया गेलं.

"साठले किती?"

"भरपूर. पॅरिसला जाऊन येईन, तेही पुढच्या रुंद खुर्चीत."

"कधी जाणार?"

"बघू... आणखी थोडे होऊ देत."

बाबांनी एक शेंग फोडली. किडकी निघाली. बाजूला ठेवली.

"साठवतोस कसे?"

आता मात्र गडी खुलला. "त्यातच तर कला आहे! गेल्या वर्षी माझा प्लॅटिनम दर्जा, म्हणजे विमानवाल्यांकडचा मानाचा वर्ग, जाणार होता. थोड्या पॉइंटांवरून अडलं होतं. आणि भाऊबीजेच्या दिवशी विमान कंपनीने दुप्पट पॉइंट दिले. मी काय केलं? दुपारचं पुणे-नागपूर पकडलं. उतरलो, लाउंजमध्ये बसलो, जेवलो, आणि पुढच्या विमानाने परत. दर्जा वाचला! ग्रुपवर टाळ्याच टाळ्या."

"नागपुरात काम होतं?"

"काम कसलं? विमानतळाच्या बाहेरसुद्धा नाही पडलो."

बाबांचा हात थांबला.

"शकू नागपुरातच असते ना अजून?"

"हो... ताई तिथंच. विमानतळापासून जवळच आहे तिचं घर. पण वेळ कुठे होता बाबा? परतीचं विमान..."

 बाबा पुन्हा शेंगा फोडू लागले.

शकूताई म्हणजे श्रीरंगची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा रांगत होता. तिनेच वाढवला. मठात यायची तेव्हा याला कडेवर घेऊन वरच्या भैरवाच्या देवळापर्यंत चढायची. एवढीशी मुलगी, धापा टाकायची, पण कुणाकडे द्यायची नाही.

"भूक लागली असेल तुला," बाबा म्हणाले.

"सपाटून. सकाळपासून गाडीच चालवतोय."

आमच्या मठाची एक रीत आहे. आल्या माणसाने आधी वर जायचं, भैरवाचं दर्शन घ्यायचं, घंटा वाजवायची. ती खाली ऐकू आली की अनसूयाकाकू स्वयंपाकघरात पान मांडतात. घंटा नाही तर पान नाही. मग येणारा साहेब असो की मंत्री.

श्रीरंग उठला.

"थांब," बाबा म्हणाले. "आज वर जा. पण शेवटच्या पायरीला हात लावायचा आणि उलट फिरायचं. देवळात पाऊल टाकायचं नाही. घंटेला हात लावायचा नाही."

"का?"

"जाऊन तर ये."

साधना असेल काहीतरी, असं त्याला वाटलं असावं. बूट काढून मोठ्या हुरुपाने निघाला.

ऊन चढलं होतं. पायऱ्या जुन्या, उंच, कुठेकुठे निखळलेल्या. परत आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आलो जाऊन." त्याने फोन पुढे केला. "ही बघा पावलं. मोजून देतो हा."

"वा."

तो हात धुऊन पडवीत बसला. बसून राहिला. आतून ताटाचा आवाज नाही, काही नाही.

"काकू, पान?"

"घंटा नाही ऐकली बाबा मी," आतून अनसूयाकाकू म्हणाल्या. "मांडू कसं?"

श्रीरंग तसाच पाराकडे आला. चेहरा लाल.

"ही काय थट्टा आहे? एवढा चढून गेलो, उतरून आलो, आणि पान नाही?"

"घंटा नाही वाजली."

"तुम्हीच तर नको म्हणालात!"

"हो, मी म्हणालो." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "नागपूरला कोण म्हणालं होतं?"

...

माझ्या हातातली भेंडी हातातच राहिली.  

श्रीरंग पारावर बसला. 

"बाबा..."

"हं."

"लाउंजच्या काचेतून चंद्र दिसला होता त्या दिवशी. बीजेची कोर. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, कुठून काढला ते न लिहिता. ताईने खाली लिहिलं... मी पण हाच बघतेय."

ज्या बहिणीचा भाऊ भाऊबीजेला येत नाही, ती चंद्राला ओवाळते. हे श्रीरंगला सांगावं लागलं नाही.

"किती वर्षं झाली तुला जाऊन?"

"बरीच. दर वेळी वाटायचं, सणाला पॉइंट फार लागतात, सीझन उतरला की जाऊ. मग... राहून जायचं. आता ती बोलावतही नाही."

वाऱ्याने थोडी टरफलं उडाली. बाबांनी उडू दिली.

श्रीरंगने फोन उचलला. आमच्याकडे रेंज फक्त या पारावर येते, आणि तीही आवाज मोठा केला तरच धड ऐकू येतं. त्यामुळे पुढचं सगळं आम्ही ऐकलं. कान मिटता येत नाहीत.

"ताई..."

"काहून रे? या वेळी फोन? बरा आहेस नं?"

"बरा आहे. मठात आलोय. ताई, भाऊबीज परवा."

"माहीत आहे नं मला. चंद्राला ओवाळायचं ताट काढून ठेवलंय मी." ती हसली. "तो बरा, वेळेवर येतो तरी."

श्रीरंगने फोन तोंडाजवळ धरला.

"ताई, मागच्या भाऊबीजेला मी तो फोटो टाकला होता ना... तो नागपुरातून काढला होता. मी तिथंच होतो. विमानतळावर. बाहेर नाही आलो."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कटला की काय म्हणून त्याने पडद्याकडे पाहिलं. कटला नव्हता.

"ताई?"

"...मग जेवला होतास का रे तेव्हा?"

एवढा मोठा साहेब, पण बाहीने डोळे पुसायला लागला. मी भेंड्यांकडे बघत राहिलो. रडणाऱ्या माणसाकडे बघू नये.

"ताई, परवा येतो मी."

"खरं?"

"खरं."

"तिकीट काढलंस?"

"काढतो."

"आधी काढ, मग सांग. चंद्राला मी उगाच 'येऊ नको' म्हणायची नाही."

तिने फोन ठेवला. मला ती बाई फार आवडली.

श्रीरंगने तिकीट शोधलं, आणि एकदम ओरडला.

"बाबा, हे बघा! परवा सकाळचं एकच उरलंय. आणि पॉइंट किती मागतायत! जवळजवळ सगळे! एका तासाच्या उड्डाणाला! एवढ्यात पॅरिस झालं असतं!"

"पॅरिसला तुझी कोण आहे?"

त्याने पुन्हा तो आकडा पाहिला.

"ग्रुपमध्ये कळलं तर हसतील मला," तो पुटपुटला. "इतका वाईट सौदा आजवर कुणी केला नसेल..."

बाबांनी शेवटची शेंग फोडली. दाणे टपोरे निघाले. त्यांनी वाटी श्रीरंगपुढे सरकवली. त्याने घेतले नाहीत. त्याचा अंगठा पडद्यावर अधांतरी होता. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका अंगठ्याखाली. जमवायला किती जपलं असेल, आता एका दाबासरशी जाणार. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू.

मग तो स्वतःशीच म्हणाला, "घंटेला माझा हात पोचायचा नाही. ताई उचलून धरायची..."

आणि अंगठा टेकवला.

फोन टिणटिणला.

"काढलं!" श्रीरंग असा ओरडला की औदुंबरावरचे पोपट उडाले. "काढलं बाबा! संपले सगळे! धुऊन निघालो!" तो हसत होता आणि नाक पुसत होता. दुप्पट पॉइंटांची कहाणी सांगतानाही त्याचा चेहरा असा उजळला नव्हता. त्याने तिथूनच पुन्हा फोन लावला. "ताई, काढलं! सकाळी पोचतो! चंद्राला सांग, यंदा तुला सुट्टी!"

"सांगते!" पलीकडून ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "अहो ऐकता का, रंगा येऊन राहिला!" मग भांडी वाजल्याचा आवाज आला. बाई आत्ताच चकलीच्या भाजणीकडे धावली असणार. फोन तसाच चालू राहिला.

मीही हसत होतो. भेंड्या घरंगळून मातीत गेल्या, पुन्हा पुसाव्या लागल्या.

थोड्या वेळाने श्रीरंग सावरला. पाराकडे पाहिलं. निळं कार्ड तिथेच होतं.

"पण बाबा, ते राहिलंच. फी भरू की बंद करू?"

बाबांनी पहिल्यांदा कार्ड हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं. मग त्याच्या कडेने पारावरची टरफलं गोळा केली, ढीग केला आणि पलीकडे शेणखताच्या गायरीत लोटून दिला. पार लख्ख झाला. कार्ड धोतराला पुसून श्रीरंगच्या खिशात घातलं.

"कामाचं आहे की," ते म्हणाले. "ठेव."

श्रीरंगने खिसा चाचपला.

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अनसूया, रंगाचं पान मांड."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या रीतीच्या पक्क्या. बाबांचंही ऐकायच्या नाहीत.

"घंटा कुठं वाजली, बाबा?"

बाबा हसले.

"नागपुरात."