म्हशीचा पाय आणि बेडकीची पोरं

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं एकमेकांच्या संसारात उघड उघड नाक खुपसायची.

माळावरच्या डबक्यात एक म्हैस पाणी प्यायला उतरली. डबकं आटत आलेलं आणि बेडकीच्या पोरांनी नुसतं बुजबुजलेलं.

"काय गं ही पिलावळ!" म्हैस करवादली. "मला बघ, एकच रेडकू, पण कसं गुटगुटीत! पोरं कमी असती तर तुलाही पाणी पुरलं असतं."

"मलाही तसंच वाटलं होतं हो, बाई," बेडकी म्हणाली. "मागच्या खेपेला मोजकीच अंडी घातली. पाणी आटलं तशी काही उन्हानं वाळली, उरलेली बगळ्यानं खाल्ली. एकही पोर हाती लागलं नाही."

"मग गोठ्यात का नाही ठेवलीस?"

"कोणाच्या?"

म्हैस गोंधळली. पोरं जास्त म्हणून पाणी पुरत नाही, की पाणी पुरत नाही म्हणून पोरं जास्त, तिला काही उमगेना.

"अंडी घालायच्या आधी त्यातलं कोणतं जगणार ते सांगत जा, बाई," बेडकी म्हणाली. "मी तेवढंच घालीन."

म्हैस निघायला वळली. पाय उचलला खरा, पण तो टेकवावा कुठे हेच तिला कळेना. चारी बाजूंना पोरंच होती.