खेरवंडीच्या सड्यावरचा तिसरा दगड

वर पोचलात की पहिल्यांदा दिसतील त्या चुली. सगळा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा एकसंध काळा कातळ, आणि त्यावर पूर्वेच्या कडेनं ओळीनं मांडलेल्या तीन-तीन दगडांच्या चुली, गावातल्या प्रत्येक घराची एक. तेव्हा नीट बघा. प्रत्येक चुलीचे दोन दगड चांगले मोठे, दणकट. तिसरा एवढासा, नारळाहूनही लहान. त्यावर मडकं ठेवलं की ते एका अंगाला कलतं. शहरातून तंबू घेऊन येणारे हसतात, म्हणतात, काका, हा दगड बदला की, भात सांडेल. भात सांडत नाही. आणि दगड कुणी बदलत नाही.

घाई नका करू, बसा इथेच. माझी नात बसली आहे ती दमून, आणि ती उठल्याशिवाय कुणालाच पुढे जायचं नाही. तिला पाचवं वर्ष लागलंय. मांडीवर धरलाय तो तिचा दगड, सकाळी नदीतून तिनंच निवडलेला. तिला कुणी उचलायचं नाही, तिचा दगडही कुणी घ्यायचा नाही. तुमचं बाळ तुमच्या पाठीवरच्या झोळीत बसून राजासारखं आलंय, त्याला माझी ना नाही. पण आमच्यात तसं चालत नाही. आता बसलोच आहोत, तर का चालत नाही तेही ऐका.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. समोर तो पडका बुरूज दिसतो ना, तिथे तेव्हा नांदता किल्ला होता. खेरवंडीचे लोक कार्तिकात भात कापून झालं की सगळे मिळून सड्यावर मुक्कामाला जायचे. तीन दिवस. म्हातारी-कोतारी, गुरं, कोंबड्यासुद्धा. नव्या तांदळाचा भात वर शिजायचा, पोरं कातळावर उन्हात लोळायची, झरा कुठे आहे, कुठल्या कपारीत मध असतो, कुठे पाय घसरतो हे त्या तीन दिवसांत शिकायची. घरातलं जे पोर पाचव्या वर्षात असेल, त्यानं नदीतला एक दगड स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पायानं वर न्यायचा आणि घरच्या चुलीचा तिसरा दगड म्हणून ठेवायचा. चूल पेटली की तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत विझू द्यायची नाही, मडकं खाली उतरवायचं नाही. तेवढं झालं की त्या पोराचा सड्याच्या पाण्यावर आणि गवतावर जन्माचा हक्क. कागद नाही, शिक्का नाही. दगड ठेवला की झालं.

किल्लेदार होता हैबतराव. त्याच्या डोळ्यात सड्याचं गवत भरलं. घोडी बरीच, चारा कमी. त्यानं दवंडी पिटवली की सडा आता किल्ल्याचं कुरण, तिथे मुक्काम करायचा नाही, ज्याच्या चुलीचा धूर दिसेल त्याचं गावातलं घर मोडलं जाईल. माणूस हुशार होता. त्याला मुलखाची रीत ठाऊक होती. तीन कार्तिक ओळीनं चूल पेटली नाही, तर रान गावानं सोडलं असं धरतात. त्याला भांडायचं नव्हतंच. नुसतं थांबायचं होतं.

आणि गावानं त्याला थांबू दिलं. पहिल्या वर्षी म्हणाले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बोलू. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. हीच आमच्या लोकांची खोड, अजूनही आहे, लाज वाटते पण सांगतो. तिसरा कार्तिक आला तेव्हा चावडीवर म्हादबा पाटील म्हणाले, "पोरं काय हितंबी मोठी होत्यात. पुढल्या साली बगू."

बायकांच्या घोळक्यात ठकू उभी होती. तिचा नवरा मालू किल्ल्याच्या बुरुजावर पहारेकरी, आणि त्याचं कामच मुळी सड्यावर धूर दिसतो का ते बघायचं. तिची तानी त्या वर्षी पाचव्यात होती. ठकूचं डोकं सणकलं. ही गप्प राहणारी बाई, चावडीवर कधी तोंड न उघडलेली, पण त्या दिवशी बोलली. म्हणाली, "पाटील, तुमचं पुढलं साल येईल. माजी पोर पुढल्या साली पाचव्यात नसंल. तिचं पाचवं एकदाच येतं."

पाटलांनी विडीसारखं काहीतरी तोंडात धरलं होतं म्हणे, ते दुसऱ्या बाजूला सरकवलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकूनं दोन मोठे दगड टोपलीत घेतले, टोपली डोक्यावर घेतली, कमरेला तांदळाचं गाठोडं बांधलं, आणि तानीला नदीवर नेलं. पोरीनं चांगला भोपळ्याएवढा धोंडा पसंत केला. ठकूला कळत होतं की हा काही वर पोचत नाही. पण दगड पोरानं निवडायचा, आईनं बोलायचं नाही. पहिल्या चढालाच तो तानीच्या हातातून सुटला आणि गडगडत ओढ्यात गेला. पोर रडली. ठकू शेजारी बसून राहिली, डोळे पुसले, पण दगड आणायला गेली नाही. मग तानी आपणहून खाली उतरली, नदीपर्यंत परत गेली आणि या खेपेला पेलेल एवढाच उचलून आणला. अर्धा दिवस त्यातच गेला. वाट हीच, आणि ती दमून बसायची ती जागाही हीच, असं सांगतात.

वर चूल मांडली तर मडकं कललं. ठकूनं त्या बाजूला जरा कमी पाणी घालता येतंय का ते बघितलं आणि स्वतःच्याच खुळेपणाला हसली. दुसरा दगड शोधला नाही. चूल पेटली. दोन कार्तिक बुडाल्यावर सड्यावर पहिला धूर चढला.

किल्ल्यावर हैबतरावानंच तो आधी पाहिला. बुरुजावर येऊन त्यानं मालूला विचारलं, "धूर कुणाचा?"

मालूला सांगता आलं असतं की दिसला नाही, धुकं वाटलं. तो म्हणाला, "माज्या घरचा."

त्याला तिथल्या तिथे बेडी घातली. हैबतरावाला वाटलं, एकटी बाई, लहान पोर, कातळावरची थंडी, रात्र उलटायच्या आत उतरेल. ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं चार शिपाई पाठवले. ते आले, चुलीभोवती उभे राहिले आणि तसेच परत गेले. तेही आसपासच्या गावांतलेच. पेटत्या चुलीला पाय लावायला कुणाचाच धीर होईना. एकानं तर जाताना तानीला खोबऱ्याचा तुकडा दिला म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हैबतराव स्वतः घोड्यावरून आला. लाथ त्यानंही मारली नाही, एवढी भीड त्यालाही होती. त्यानं भाल्याच्या दांड्यानं तो धाकटा दगड चुलीतून ओढून काढला आणि कड्यावरून फेकून दिला. मडकं एकदम कललं.

ठकूनं डाव्या हाताची मूठ वळली आणि दगडाच्या जागी घातली.

मडकं थांबलं. खाली निखारे होते. हैबतराव बघतच राहिला. म्हणाला, "ठेव खाली ते. दुसरा दगड लाव, नाहीतर हात जाईल."

"दुसरा लावला तर ती चूल माज्या पोरीची ऱ्हात न्हाई," ठकू म्हणाली. "हात माजा एकटीचा हाय, जाऊ दे. सडा तिचा हाय."

तेव्हा हैबतराव घोड्यावरून उतरला आणि समोर बसला. किती वेळ दम धरते ते बघतो, म्हणाला. शिपायांनाही बसवलं. सगळ्यांचे डोळे त्या हातावर. तानीकडे कुणाचं लक्षच नव्हतं, आणि हैबतरावाची मोठी चूक झाली ती इथेच. आई-बापापलीकडे पोराला कुणी गणतीत धरत नाही, मोठ्या माणसांची ही जुनीच सवय. ठकूनं मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की पोर वाटेनं एकटीच खाली निघाली आहे. तिला हाक मारावीशी वाटली. घशापर्यंत आलेली हाक तिनं गिळली. त्या वाटेला एका बाजूला कडा आहे, तुम्ही बघितलात. हात भाजत होता तो वेगळा, पण खरी जळाली ती त्या घटकेला, असं आमच्या बायका सांगतात.

खाली नदीवर बायका धुणी धुवत होत्या. चार-पाच वर्षांची पोर एकटी येते, पाण्यात उतरते, दगड चाचपते, एक टाकते, दुसरा घेते आणि काही न बोलता परत फिरते, हे सगळ्यांनी बघितलं. म्हादबा पाटील गुरांना पाणी पाजत होते. त्यांनी विचारलं, "कुटं चाललीस गं एकटी?"

तानी म्हणाली, "आयेचा हात भाजतोय."

पाटील म्हणाले, "थांब, मी घेतो तो दगड. तुलाबी घेतो खांद्यावर."

"नगं. मग माजा ऱ्हात न्हाई," असं म्हणून ती चालायला लागली.

पाटील तिथेच उभे राहिले. गुरं पाणी पिऊन आपापली निघून गेली तरी उभेच. मग त्यांच्या सुनेनं हातातलं धुणं दगडावर टाकलं, आपल्या पोराला दंडाला धरून पाण्यात उभं केलं आणि म्हणाली, "उचल एक." पोरगा सहा वर्षांचा, त्याचं पाचवं त्या बुडालेल्या दोन वर्षांत गेलेलं. कुणी विचारलं नाही. शेजारणीनं आपली पोर आणली. कुणीतरी गावात ओरडत गेलं. पाटील सुनेकडे बघून म्हणाले, "मोठे दोन मी आणतो," आणि धोतर खोचून नदीत शिरले.

वर उन्हं कलायला लागली होती. दोन प्रहर तिनं हात धरला म्हणतात. खरं की खोटं तुम्ही ठरवा. भाजणारा हात कुणी वेळ मोजून धरत नाही. हैबतरावानं तीनदा सांगितलं, ठेव. तिनं तीनदा नकाराची मान हलवली. चौथ्यांदा त्यानं सांगितलं नाही. त्याला खाली मान घालून बसावं लागलं.

मग वाटेच्या तोंडाशी तानी दिसली, आणि तिच्या मागं पोरांची रांग. प्रत्येकाच्या हातात एक दगड. कुणी छातीशी धरलेला, कुणी डोक्यावर. कुणी मध्येच बसलं की मागची अख्खी रांग बसायची आणि ते उठलं की उठायची. सगळ्यात मागून मोठी माणसं, मोठे दगड घेऊन, पोरांच्या चालीनं. शिपाई उठून उभे राहिले. वाट अडवायची म्हणजे पोराला उचलून बाजूला ठेवायचं, आणि पाचव्यातल्या पोराला दगडासकट उचलायचं नसतं हे त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलेलं. ते बाजूला झाले.

तानी सरळ चुलीशी आली. दगड मडक्याखाली सरकवला, हलतोय का ते बघितलं, आणि आईला म्हणाली, "काढ आता."

ठकूनं हात काढला. मडकं कललेलंच होतं, पण बसलं. सूर्य मावळला तेव्हा सड्यावर घराघराचा धूर होता. किल्लेदार कुणाकुणाचं घर मोडणार होता? सोडलेलं रान म्हणून त्याला सडा हवा होता, आणि सोडलेल्या रानात इतक्या चुली पेटत नाहीत. तो घोड्यावर बसला आणि गेला. मालूची बेडी दोन दिवसांनी काढली. बुरुजावरून त्यानं सगळा धूर पाहिला होता, आणि बेडी काढणाऱ्याला म्हणाला म्हणे, "आता विचार, कुणाचा."

ठकूची बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत. त्या मुठीनंच तिनं पुढं जन्मभर भाकरी थापली.

किल्ला पडला. हैबतरावाचं कुणी उरलं की नाही, देव जाणे. आजही कार्तिकात आम्ही तीन दिवस वर असतो. आजही पोराचा दगड ठेवायच्या आधी आई आपली डावी मूठ घटकाभर त्या जागेवर धरते, विस्तव नसताना. मागे एक साहेब कुंपणाचे खांब घेऊन आले होते, सड्यावर पर्यटकांसाठी बंगले बांधायचे म्हणे. मला म्हणाले, जमीन तुमची, तर कागद दाखवा. मी त्यांना चुलींच्या ओळीपाशी नेलं आणि म्हटलं, वाचा. खांब अजून खाली रस्त्याकडेला पडलेत, येताना बघितले असतील.

उठली बघा आमची बाई. चला. थोडा राहिलाय चढ, पण तिच्या मागून चालायचं, पुढे नाही. आणि आजही इथली एक रीत आहे, तेवढी पाळा. वाटेत पोराला विचारायचं असतं. विचारा तिला, कुठे चाललीस म्हणून. लाजेल जराशी, पण सांगेल.

"आयेचा हात भाजतोय."

ऐकलंत? आता त्या तुमच्या बाळाला झोळीतून खाली उतरवा. मघापासून पाय झाडतंय ते.